माळ नांगरला तर काय बिघडतं?

‘माळरान म्हणजे पडीक जमीन, तिथे शेती केली तर निसर्गाचं नुकसान नाही’ हे वर्षानुवर्षं ऐकतो. पुढे पुरावाही दिला जातो: पाणी आलं, ऊस आला आणि पक्षी वाढले! पण नुकसान होत नाही हे खरं नाही, आणि चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे.

नुसत्या जाती मोजल्या तर आकडा खरंच वाढू शकतो. उसाच्या बांधावर साळुंक्या, गायबगळे, होले येतात. पण ते गावोगाव आहेतच. माळढोक, धाविक, पखुर्डी हे पक्षी मात्र उघड्या माळाशिवाय जगत नाहीत. धाविक उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालते. नांगराला ती दिसतही नाहीत. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरीही आज तिथे माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय.

उपग्रहाच्या चित्रावर विसंबूनही फसगत होते, कारण हिरवा ऊस वाळक्या गवतापेक्षा ‘समृद्ध’ दिसतो. म्हणून आधी किती जाती हे नव्हे, कोणत्या जाती हे विचारा. जवळचा न नांगरलेला माळ आणि शेत यांची एकाच ऋतूत तुलना करा, तीही अनेक वर्षं.