सौर छायाचित्रणातील एक्सपोजर

दुर्बिणीतून सूर्याचा फोटो घेताना कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा, हे ठरवण्याची रीत. तारे टिपणारा रात्रभर थेंबाथेंबाने उजेड गोळा करतो. सूर्याच्या बाबतीत उजेड उतू जात असतो. म्हणून इथे शटरचा वेग ठरवताना उजेडापेक्षा हवेचाच विचार जास्त करावा लागतो.

सुरुवात फिल्टरपासून, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या पडद्यापासून. तो दुर्बिणीच्या तोंडावरच बसवायचा. नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावलेली काळी काच एकवटलेल्या उष्णतेने तडकते. घनता ५ चा फिल्टर एक लाखांश प्रकाश आत सोडतो. १००० मिमी फोकल लेंथच्या (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) एफ/१० दुर्बिणीवर, म्हणजे हे अंतर भिंगाच्या व्यासाच्या दहापट असताना, हा फिल्टर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० असेल, तर साधारण १/२५० सेकंद पुरतो. घनता ३.८ च्या फिल्टरमधून सुमारे सोळापट प्रकाश येतो, म्हणजे १/४००० सेकंद. हा दुसरा फिल्टर फक्त कॅमेऱ्यासाठी आहे. त्यातून डोळा लावून पाहू नये. बार्लो भिंग लावून प्रतिमा दुप्पट केली की एक्सपोजर चौपट.

कॅमेरा ऑटोवर ठेवू नये. याच दुर्बिणीत सूर्यबिंब सेन्सरवर जेमतेम ९ मिमीचे पडते, भोवती सगळा काळोख. कॅमेरा त्या काळोखाला भुलतो आणि बिंब पांढरेफटक करून टाकतो. बिंब मध्यापेक्षा कडेला मंद असते, त्यामुळे मध्य जळणार नाही एवढेच बघायचे. हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख) उजवी टोकदार बाजू तीन चतुर्थांशाच्या आसपास राहिली की सौरडागाची गडद छाया आणि तिच्याभोवतीची फिकट झालर वेगळी दिसते. हायड्रोजन-आल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या लाल, ६५६.३ नॅनोमीटर प्रकाशात मात्र एका फोटोत भागत नाही: कडेवरच्या ज्वाळा बिंबाहून खूपच मंद असल्याने दोन एक्सपोजर घेऊन जोडावी लागतात.

आता हवा. मुंबईत बहुतेकांची वेधशाळा म्हणजे सोसायटीची गच्ची, चावी सेक्रेटरीकडे. सकाळी नऊ-दहानंतर चायना मोझॅकची फरशी तापते. शेजारच्या गच्चीवर पावसासाठी पत्रे टाकलेले असतील तर विचारूच नका. बिंबाची कड उकळत्या दुधासारखी हलू लागते. ही थरथर सेकंदाच्या काही सहस्रांश भागात बदलते, म्हणून १/२५० मध्ये डाग पुसट होतो आणि १/१००० च्या पुढे धारदार येण्याची शक्यता वाढते. घनता ३.८ चा फिल्टर इथेच कामाला येतो. अनुभवी लोक हजारो फ्रेमचा व्हिडिओ घेतात, त्यातल्या मोजक्या स्थिर फ्रेम निवडून एकावर एक रचतात आणि बाकीच्या सरळ फेकून देतात.

ग्रहणात चंद्राने बिंब अर्धे खाल्ले तरी उरलेल्या भागाची तेजस्विता तीच असते, त्यामुळे एक्सपोजर बदलत नाही. अगदी बारीक कोर उरली की कडेच्या मंदपणापायी थोडे वाढवावे. अपवाद मावळतीचा. २५ ऑक्टोबर २०२२ चे खंडग्रास ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आले आणि मुंबईत सूर्य ग्रस्तास्त झाला, म्हणजे ग्रहण सुटण्याआधीच मावळला. क्षितिजापासून दहा अंशांवर किरणांना डोक्यावरच्या हवेच्या साडेपाचपट हवा कापून यावे लागते. त्यात समुद्रावरची दमट धूसर हवा. अशा वेळी दुपारचे आकडे कुचकामी ठरतात, दर काही मिनिटांनी शटर सावकाश करत जावे लागते. बिंब तांबूस आणि निरुपद्रवी वाटू लागले, तरी फिल्टर काढायचा नाही.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण मुंबईतून पुन्हा खंडग्रासच दिसेल. ती आषाढातली दिव्यांची अवस, म्हणजे भर पावसाळा. विरळ ढगाआडून बिंब सेकंदासेकंदाला उजळते-मंदावते, तेव्हा एकच आकडा धरून न बसता कमी, मध्यम, जास्त अशी तीन एक्सपोजर एका दमात घ्यावीत.