कमोडिटी फंड घ्यावा का? आमच्या गुंतवणूकदारांसाठी माहितीपत्रक

सोन्या-चांदीचे भाव चढले की आमच्या कोथरूडच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो : "मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी चालू आहे, त्यात थोडा कमोडिटी इंडेक्स फंड टाकू का?" (कमोडिटी म्हणजे सोनं, तेल, तांबं, गहू असा माल; इंडेक्स फंड म्हणजे एखाद्या निर्देशांकातल्याच गोष्टींत पैसे घालणारा फंड.) फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं. पुढे दोन शब्द येतील : एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, आणि एक्झिट लोड म्हणजे लवकर पैसे काढल्यास फंड कापून घेतो ती रक्कम.

आमचं मत आधीच सांगतो. सोनं ठेवा, एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या कमोडिटी दीर्घ मुदतीच्या पैशात नकोत.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या चुकीत. ॲपवर 'कमोडिटीज' असं शोधून जो फंड सापडतो तो बहुतेक वेळा शेअर्सचा फंड असतो. त्यात तेल, तांबं, गहू यातलं काहीच नसतं; हे पदार्थ काढणाऱ्या किंवा वापरणाऱ्या कंपन्या असतात. निफ्टी कमोडिटीज निर्देशांकच पाहा. त्यात ३० कंपन्या आहेत आणि रिलायन्स, एनटीपीसी, अल्ट्राटेक, टाटा स्टील ही त्यातली मोठी नावं. आता आपल्याकडचा निफ्टी ५० इंडेक्स फंड उघडा. हीच नावं तिथेही आहेत! म्हणजे बाजार पडला की दोन्ही एकदम पडणार. जोखीम वाटली जावी म्हणून घेतलेला फंड ती वाढवून बसतो. मग विकायची घाई होते. वर्षाच्या आत विकलं की नफ्यावर २० टक्के कर, काही योजनांत एक्झिट लोड, आणि आमच्याकडे "हे आता निस्तरा" म्हणून फोन. नाव वाचून फंड घेऊ नका. फॅक्टशीटमधली, म्हणजे फंडाच्या माहितीच्या कागदावरची, पहिली दहा होल्डिंग्ज (फंडाने पैसे कशात घातलेत ती नावं) वाचा, पाच मिनिटं लागतात.

"मग परदेशात असतात तसे खरे कमोडिटी इंडेक्स फंड?" ते वायदे घेतात, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने माल घेण्याचे करार. सोनं तिजोरीत राहतं, कच्च्या तेलाला टाक्या आणि भाडं लागतं, म्हणून फंड माल घेत नाही, करार घेतो. करार संपण्याआधी तो विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो. पुढचा करार महाग असेल, आणि बऱ्याचदा असतो, तर तेलाचा भाव जागच्या जागी राहूनही दर महिन्याला थोडं झिजत जातं. एप्रिल २०२० मध्ये साठवायला जागा उरली नाही तेव्हा अमेरिकेत तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७ डॉलरच्याही खाली बंद झाला, म्हणजे विकणाऱ्यालाच वरून पैसे द्यावे लागले. आपल्या एमसीएक्सवर, म्हणजे इथल्या कमोडिटी वायद्यांच्या बाजारात, त्या महिन्याच्या कराराचा हिशेब उणे २,८८४ रुपयांनी झाला. अशी वस्तू पंधरा वर्षं सांभाळायची नसते. शिवाय कंपनी नफा कमावते, ठेव व्याज देते. तांब्याची वीट कितीही वर्षं ठेवली तरी वीटच.

सोनंही व्याज देत नाही, मग ते का चालतं? आपल्याला त्यात घसरत्या रुपयाची साथ मिळते. २०११ च्या उच्चांकापासून २०१५ अखेरपर्यंत सोनं डॉलरमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलं, पण त्याच काळात डॉलर साधारण ४५ रुपयांवरून ६६ वर गेला, त्यामुळे इथली घसरण बरीच कमी राहिली. शेअर बाजार कोसळताना सोनं बरेचदा तग धरतं, हे दुसरं कारण. गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा सोन्याचा फंड) किंवा गोल्ड फंड पुरे. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. घरातले दागिने मात्र या दहा टक्क्यांत धरू नका; ते विकायची वेळ आली तर घरात कोण परवानगी देणार आहे?

चांदीबद्दल जपून. एप्रिल २०११ मध्ये ती किलोला सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. तो भाव पुन्हा दिसायला २०२० उजाडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, धनत्रयोदशीच्या तोंडावर, मागणी इतकी वाढली की काही म्युच्युअल फंडांनी सिल्व्हर फंड ऑफ फंडमध्ये (चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणं थांबवलं. तेव्हा "आजच लावा" म्हणून काही जण आमच्यावर रागावले होते. (मुहूर्त कुठलाही असो, दुपारी तीनच्या आत पैसे फंडाकडे पोचले तरच त्या दिवसाची एनएव्ही.)

नवी थीम, म्हणजे एकाच विषयाच्या कंपन्यांचा फंड, फोनवर लावून देत नाही, आधी बोलावतो, हे काहींना जुन्या वळणाचं वाटतं. आम्ही वितरक आहोत, रेग्युलर प्लॅनमधून (वितरकामार्फत घेतलेल्या फंडातून) कमिशन घेतो, ते लपवत नाही. थीमॅटिक फंडावर ते गोल्ड फंडापेक्षा सहसा जास्तच मिळतं. तरीही तो विकण्याआधी अर्धा तास बसायला सांगतो.

येताना एकत्रित खाते विवरण, म्हणजे सीएएस, घेऊन या. त्यात दुसरीकडून किंवा ॲपवरून घेतलेले फंडही चालतील. कोणत्या फंडात त्याच त्याच कंपन्या आहेत ते काढून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शनिवारी गर्दी असते, आधी फोन करा.

म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन असते. योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.