परदेशी एलएलबी म्हणजे थेट वकिलीची सनद? नाही

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये हे वर्षानुवर्षं फिरतंय: इंग्लंडहून एलएलबी करून या, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात लगेच वकिली सुरू. तसं होत नाही. विद्यापीठाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेची, मान्यता हवी. शिवाय बारावीनंतरचा अभ्यासक्रम किमान 5 वर्षांचा, पदवीनंतरचा 3 वर्षांचा हवा. गोची इथेच आहे. इंग्लंडचं नेहमीचं एलएलबी बारावीनंतर 3 वर्षांत संपतं, पदवीधरांसाठीचं ‘सीनियर स्टेटस’ 2 वर्षांत. दोन्ही कमीच! बारावीनंतर 3 वर्षांचं एलएलबी केलेल्यांना भारतात ब्रिज कोर्स (कमी पडलेला कालावधी भरून काढणारा अभ्यासक्रम) करावा लागतो, वर कौन्सिलची पात्रता परीक्षा, मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. नुसत्या परदेशी एलएलएमवर (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीवर) तर सनद मिळतच नाही. एजंटला पैसे देण्याआधी ऑफर लेटरवरचा कालावधी वाचा. ब्रोशरवर तो बहुधा बारीक अक्षरांत असतो.