लैंगिक कल आणि सध्याचे नाते

द्विलैंगिक, म्हणजेच बायसेक्शुअल, व्यक्ती मोकळेपणाने जगू लागली की लोक तिचा लैंगिक कल आणि तिचे सध्याचे नाते यांत हमखास गल्लत करतात. एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी ओढ वाटू शकणे हा कल. त्यांतल्या कुणा एकीशी किंवा एकाशी जुळलेला सहवास हे नाते. (‘उभयलिंगी’ हा शब्द मी टाळते, कारण तो गांडुळासारख्या प्राण्यांच्या शरीररचनेसाठी रुळलेला आहे.)

पुरुषाशी लग्न झालेली एक स्त्री आपण बायसेक्शुअल असल्याचे बहिणीला फोनवर सांगते. पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो, “अगं, पण तुझं तर लग्न झालंय ना? मग आता हे कशाला?” या प्रश्नात दुष्टावा नाही, पण लग्नाबरोबर कल मिटतो असे त्यात गृहीत धरलेले आहे. हीच स्त्री एखाद्या स्त्रीबरोबर राहत असती, तर लोकांनी तिला लेस्बियन ठरवले असते. जोडीदाराकडे पाहून काढलेले दोन्ही निष्कर्ष चुकीचेच आहेत.

अमेरिकी लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ च्या ० (पूर्णतः भिन्नलिंगी) ते ६ (पूर्णतः समलिंगी) या मोजपट्टीत आकर्षण आणि प्रत्यक्ष अनुभव मिळून एकच आकडा दिला जाई. मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ मध्ये आकर्षण, वर्तन, भावनिक ओढ, स्वतःची ओळख अशा सात बाबी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीसाठी भूतकाळ, वर्तमान व आदर्श असे तीन रकाने ठेवले. वर्तनाचे उत्तर एक आले म्हणून आकर्षणाचे उत्तर आपोआप पुसले जात नाही, हे त्यातून स्पष्ट दिसते.

द्विलैंगिक माणूस एकनिष्ठ राहू शकत नाही, हा आरोपही याच गल्लतीतून येतो. निष्ठा हा नात्यातला शब्द आहे आणि कोणताही कल असलेला माणूस तो पाळू किंवा मोडू शकतो.

मला सर्वांत जास्त टोचते ते हे की, कित्येक जण स्वतःच ‘तसे नाते झाल्याशिवाय मी स्वतःला बायसेक्शुअल कसे म्हणू?’ असे म्हणत वर्षानुवर्षे थांबून राहतात. भिन्नलिंगी कलाच्या माणसाकडे पहिल्या प्रेमापूर्वी कुणी असा पुरावा मागत नाही. कुणाला आणि केव्हा सांगायचे, हे ज्याने त्याने आपली सुरक्षितता पाहून ठरवावे. त्या बहिणीला मात्र एवढे उत्तर पुरेसे आहे: “संसार बदलायचा म्हणून नाही गं, तू मला नीट ओळखावंस म्हणून सांगितलं.”