अदृश्य जीवांचा जादूने शोध (टेबलटॉप भूमिकाखेळ)

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंच्या फाशावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत न दिसणारा शत्रू, चोर किंवा हेर मंत्राने हुडकून काढण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला. अदृश्य होण्याचा स्पेल (म्हणजे मंत्र) आणि अदृश्याला हेरण्याचा स्पेल हे दोन्ही त्यात पहिल्यापासून होते, तेही एकाच म्हणजे दुसऱ्या पातळीवर. त्यामुळे कुलूप आणि किल्ली सारख्याच किमतीत मिळत होती.

या विषयावर टेबलावर जितकी भांडणे होतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. त्यांच्या मुळाशी बहुधा एकच घोळ असतो. जवळ कोणीतरी आहे हे कळणे, ते कुठे आहे हे कळणे आणि ते प्रत्यक्ष दिसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक स्पेल त्यांतली एकच देतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत अदृश्य असणे म्हणजे लपलेले असणे नव्हे. अदृश्य जीवाच्या पावलांचा आवाज येतो, माग उमटतो आणि त्यावरून त्याची जागा कळू शकते. लपायचे असेल तर त्याला त्यासाठी वेगळी कृती खर्च करावी लागते. जागा ठाऊक असूनही तो दिसत नसेल, तर त्याच्यावर वार करणाऱ्याला फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘डिटेक्ट मॅजिक’बद्दल आहे. पहिल्या पातळीचा हा स्पेल तीस फुटांच्या आत जादू असल्याची जाणीव करून देतो. त्यापुढे एक कृती खर्च केली की जादू असलेल्या वस्तूभोवती किंवा जीवाभोवती फिकट आभा दिसते, पण ती वस्तू किंवा तो जीव मुळात दिसत असला तरच. समजा डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) खानदेशातल्या रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत रात्रीचा प्रसंग मांडला आहे:

“भो, मी डिटेक्ट मॅजिक टाकला.”
“तीस फुटांत जादू आहे.”
“कोणत्या ओळीत?”
“ते नाही कळत. आहे एवढंच.”
“मग आभा बघतो.”
“केळीची पानं दिसताहेत. आभा कशालाच नाही.”

हे उत्तर खेळाडूला चिडवणारे असले तरी नियमाला धरून आहे, आणि माझ्या मते खेळासाठीही तेच बरे. तीस फुटांत काहीतरी आहे आणि दिसत नाही, यात जी भीती आहे ती जागा सांगितली की संपते. खेळाडूला पुढे सरकून, मागे येऊन, जाणीव कुठे सुटते ते पाहत हद्द आवळता येते. चतुर मंडळी हेच करतात. एक फूट दगड, एक इंच साधा धातू, तीन फूट माती किंवा लाकूड, नाहीतर शिशाचा पातळ पत्रा मध्ये आला तर मात्र ही जाणीवही अडते.

‘सी इनव्हिजिबिलिटी’ हा खास या कामाचा दुसऱ्या पातळीचा स्पेल. तो फक्त टाकणाऱ्यालाच लागू होतो, तासभर टिकतो आणि त्यावर मन एकाग्र ठेवावे लागत नाही. साहित्य म्हणून चिमूटभर शंखजिरे आणि चांदीची पूड लागते. २०१४ च्या मजकुरात एक गंमत राहून गेली होती. अदृश्याला मिळणारा हल्ल्याचा फायदा शब्दशः वाचला, तर समोरच्याला तो दिसत असला तरी कायम राहत होता. कित्येक डीएम ते सरळ दुर्लक्षित करत. २०२४ च्या सुधारित नियमांत, पाहू शकणाऱ्यापुढे हा फायदा चालत नाही असे स्पष्ट लिहिले गेले.

‘फेअरी फायर’ पहिल्या पातळीचा असूनही सांघिक लढाईत अनेकदा त्याहून उपयोगी पडतो. वीस फुटांच्या घनात सापडलेला जो जीव चपळाईची परीक्षा हरेल, त्याच्याभोवती प्रकाशाची कडा उमटते. मग त्याला अदृश्यतेचा लाभ मिळत नाही, आणि तो सगळ्यांनाच दिसतो. लक्ष्य आधी दिसायला हवे अशी अट नाही, अंदाजाने टाकला तरी चालतो. तिसऱ्या आवृत्तीतला ‘ग्लिटरडस्ट’ सोनेरी कण उधळून हेच करायचा, वर आंधळेही करायचा.

सर्वांत वरचा ‘ट्रू सीइंग’, सहाव्या पातळीचा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत त्यासाठी अळंब्यांची पूड, केशर आणि चरबी यांचे पंचवीस सुवर्णमुद्रांचे अंजन डोळ्यांत घालावे लागते. मराठी वाचकाला यात काहीच परके वाटू नये. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले गुप्तधन दिसते, हा समज गावोगाव ऐकलेला आहे. (खेळातले अंजन निरुपद्रवी, गुप्तधनाच्या नावाखालच्या अमानुष कृत्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.) त्याहून जुना दाखला महाभारताच्या वनपर्वातल्या रामोपाख्यानात सापडतो. इंद्रजित अदृश्य राहून लढत असताना कुबेराने पाठवलेले पाणी बिभीषण रामाला देतो. त्या पाण्याने डोळे धुतल्यावर राम, लक्ष्मण आणि वानरांना अदृश्य भूते दिसू लागतात. म्हणजे एकाच वेळी अख्ख्या सेनेला लागू होणारा स्पेल, जो खेळाच्या पुस्तकांनीही इतका स्वस्त केलेला नाही.

स्पेल संपलेले असतात तेव्हा भूप्रदेश कामाला येतो, आणि खानदेशात त्याची चणचण नाही. पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या मातीतून चालणाऱ्या अदृश्य जीवाच्या पायाला चिकटलेला चिखल अदृश्य असेल का, हे डीएमने आधीच ठरवून ठेवावे, कारण प्रश्न येणारच. जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारी रुई अंगावर बसते. शेतात भरीत पार्टी चालू आहे, पऱ्हाट्यांचा धूर सरळ वर जातो आहे आणि एका ठिकाणी तो कशाला तरी वळसा घालतो, एवढे वर्णन पुरते. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ उधळणे हा तर उघडच उपाय. कोणी “तठे कोन शे?” असे ओरडावे आणि उत्तर म्हणून फक्त पान हलावे.

जुन्या खानदेशाचा भाग असलेल्या असीरगडावर अश्वत्थामा पहाटे शिवमंदिरात पूजेला येतो अशी आख्यायिका आहे. तो दिसत नाही, पिंडीवर ताजे फूल मात्र सापडते असे सांगतात. नंदुरबारकडच्या सातपुड्यातले अस्तंबा शिखरही त्याच्याच नावाचे, आणि दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. वर सांगितलेल्या तीन गोष्टींतली पहिली, म्हणजे नुसते असणे, खेळात आणायची तर याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

काही जीव जन्मतःच अदृश्य असतात. ‘इनव्हिजिबल स्टॉकर’ हा वायूच्या लोकातून बोलावून आणलेला पाठलाग्या त्यांपैकी एक. त्याची अदृश्यता हा त्याच्यावर टाकलेला स्पेल नसल्यामुळे ‘डिस्पेल मॅजिक’ने ती उतरत नाही. ‘सी इनव्हिजिबिलिटी’ला मात्र तो दिसतो.

याच धर्तीच्या ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे सारे पायऱ्यांत बांधले. पत्ताच न लागलेला, जागा कळलेला पण न दिसणारा आणि अंधूक दिसणारा अशा वेगवेगळ्या अवस्था तिथे आहेत. अदृश्याला पाहण्याचा स्पेल टाकूनही तिथे तो अर्धपारदर्शक, अंधूकच दिसतो आणि वार चुकण्याची थोडी शक्यता राहते.

प्रत्यक्ष खेळताना अदृश्य जीवाची सोंगटी नकाशावर ठेवत नाहीत. डीएम पडद्याआड चौकटींच्या वहीत त्याच्या हालचाली टिपतो. एकाच खेळाडूला तो दिसत असेल तर जागा त्यालाच चिठ्ठीवर लिहून द्यावी. बाकीच्यांना सांगायचे की नाही आणि कोणत्या शब्दांत, हे त्याचे पात्र ठरवील. मोठ्याने ओरडून सांगितले तर ते त्या अदृश्यालाही ऐकू जाते, आणि पुढच्या फेरीत तो त्या चौकटीत नसतो.