ट्रॉयचे युद्ध नेमके कोणत्या थरातले?

ट्रॉय म्हटले की बहुतेकांना आधी लाकडी घोडा आठवतो. मात्र ज्या महाकाव्यामुळे हे नगर अजरामर झाले, त्या होमरच्या ‘इलियड’मध्ये ना घोड्याची कथा येते, ना नगराचा पाडाव. चोवीस सर्गांचे आणि साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचे हे काव्य वेढ्याच्या दहाव्या वर्षातील काही आठवड्यांपुरतेच आहे. ग्रीक योद्धा अकिलीस याच्या क्रोधाने ते सुरू होते आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराशी संपते. घोड्याचे उल्लेख होमरच्याच ‘ओडिसी’त आहेत, पण आज सर्वांना ठाऊक असलेली सविस्तर कथा रोमन कवी व्हर्जिलने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिली. म्हणजे या नगराची दंतकथाही एका हाताने रचलेली नाही; तिच्यातही थर आहेत.

कथेचा गाभा सर्वपरिचित आहे. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस हा स्पार्टाचा राजा मेनेलाउस याची पत्नी हेलन हिला घेऊन गेला, आणि तिला परत आणण्यासाठी मेनेलाउसचा भाऊ, मायसीनीचा राजा अगामेम्नॉन, याच्या नेतृत्वाखाली ग्रीकांनी नगरावर स्वारी केली. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील यादीप्रमाणे या आरमारात १,१८६ गलबते होती. या कथेवर खुद्द ग्रीकांचाही सरसकट विश्वास नव्हता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते हेलन ट्रॉयला पोहोचलीच नव्हती, ती इजिप्तमध्ये होती; कारण ती नगरात असती, तर एका स्त्रीपायी राज्य आणि मुले गमावण्यापेक्षा ट्रॉयचा राजा प्रायम याने तिला परत केले असते, असा त्याचा व्यवहारी युक्तिवाद आहे. युद्ध झाले, याबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. पुढे ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने नगराच्या पाडावाचे वर्ष इ.स.पू. ११८४ असे ठरवले.

दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळची, आजच्या तुर्कस्तानातील हिसारलिकची टेकडी हेच ते स्थान, असे प्राचीन ग्रीक आणि रोमन मानत. इ.स.पू. ३३४ मध्ये पर्शियावर निघालेला अलेक्झांडर मुद्दाम येथे येऊन गेला. या श्रद्धेपायीच एक मोठे नुकसानही झाले. अथेने देवीच्या मंदिरासाठी आणि त्याच्या प्रांगणासाठी टेकडीचा माथा सपाट करण्यात आला, आणि त्यात जुन्या बालेकिल्ल्याच्या मधल्या भागातील बांधकामे कायमची नाहीशी झाली.

आधुनिक काळात या टेकडीकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांत फ्रँक कॅल्व्हर्ट हे नाव अग्रभागी असायला हवे. टेकडीचा काही भाग त्याच्या मालकीचा होता आणि १८६५ मध्ये त्याने तेथे चाचणी-खोदकामही केले होते. कीर्ती मात्र हाइनरिश श्लीमान या धनाढ्य जर्मन व्यापाऱ्याच्या वाट्याला आली. होमरचे नगर तळाशीच असणार, या समजुतीने श्लीमानने १८७१ पासून टेकडीतून खोल चर खणला आणि वाटेत आलेल्या भिंती काढून टाकल्या. १८७३ मध्ये सोन्याचे दागिने आणि भांडी हाती लागताच त्याने तो ‘प्रायमचा खजिना’ असल्याचे जाहीर केले. पत्नी सोफियाने तो शालीत लपवून नेला, हा त्याने रंगवलेला प्रसंग तर खोटाच होता, कारण त्या वेळी ती तेथे नव्हती. खजिना सापडला तो टेकडीत एकावर एक साचलेल्या वस्त्यांच्या तळापासूनच्या दुसऱ्या थरात, आणि तो थर युद्धाच्या परंपरागत काळाहून हजारापेक्षा अधिक वर्षांनी जुना आहे. पुढे बर्लिनला गेलेला हा ऐवज १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने नेला आणि आज तो मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

टेकडीत वस्तीचे नऊ मुख्य थर आहेत. त्यामुळे श्लीमाननंतरचा सारा वाद होमरचे नगर कोणत्या थरातले, याभोवती फिरत राहिला. श्लीमानचाच सहकारी विल्हेल्म ड्योर्पफेल्ड याने भव्य तटबंदीच्या आणि बुरुजांच्या सहाव्या थराला कौल दिला. १९३२ ते १९३८ या काळात उत्खनन करणाऱ्या कार्ल ब्लेगेनने हा कौल फिरवला. सहावा थर भूकंपाने कोसळला आणि युद्धाने जळाला तो सातव्याचा आरंभीचा टप्पा, असे त्याचे मत होते. तटाच्या आत दाटीवाटीने उभी राहिलेली घरे आणि जमिनीत पुरलेले साठवणीचे रांजण त्याला वेढ्याची चाहूल वाटले. १९८८ पासून मानफ्रेड कॉर्फमानने बालेकिल्ल्याखालच्या वस्तीचा आणि तिच्याभोवतीच्या खंदकाचा शोध घेतला. ट्रॉय हे मोठे व्यापारी नगर होते, असा त्याचा दावा होता, आणि त्यावरून २००१ मध्ये जर्मनीत विद्वानांमध्ये जाहीर खडाजंगी झाली.

माझ्या मते याहून वजनदार पुरावा टेकडीबाहेरचा आहे. अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, प्राचीन हित्ताइट साम्राज्याच्या मृत्पाटींवर ‘विलुसा’ नावाच्या राज्याचा उल्लेख आहे, आणि ट्रॉयचे दुसरे ग्रीक नाव ‘इलिओस’ हे पूर्वी ‘विलिओस’ असे उच्चारले जात असे. इ.स.पू. १२८० च्या सुमारास विलुसाचा राजा अलक्सांदु याने हित्ताइट सम्राट मुवातल्ली याच्याशी तह केला. पॅरिसचेही दुसरे नाव अलेक्झांड्रोस होते. यावरून अलक्सांदु म्हणजेच पॅरिस, असे मानणे घाईचे ठरेल. ‘अहियावा’च्या, म्हणजे बहुधा ग्रीकांच्या, राजाला हित्ताइट राजाने धाडलेल्या एका पत्रात विलुसावरून झालेले जुने भांडण मिटल्याचा निर्देश आहे. मात्र तो वाद लढाईपर्यंत गेला होता की शब्दांवरच थांबला, हे त्यातील क्रियापदावरून ठरत नाही.

अडचण उरते ती कालक्रमाची. सहावा थर इ.स.पू. १३०० च्या आसपास कोसळला, तेव्हा मायसीनीची सत्ता भरात होती. पण त्या भिंतींवरच्या खुणा बहुतेकांना भूकंपाच्या वाटतात. घोडा हे भूकंपाचा आणि अश्वांचा देव पोसायडन याचेच रूपक असावे, हा काही अभ्यासकांचा तर्क येथूनच निघाला, आणि तो कितीही आकर्षक असला तरी तर्कच आहे. त्यानंतरचे नगर आगीत भस्मसात झाले ते इ.स.पू. ११८० च्या सुमारास. नेमक्या याच काळात ग्रीसमधील पायलॉसचा राजवाडा जळाला होता, मायसीनीची राजसत्ताही ढासळत होती, आणि हजारावर गलबते एका झेंड्याखाली आणू शकेल असा राजा ग्रीसमध्ये उरला होता की नाही, हाच प्रश्न आहे.