जाबुटिकाबा

(प्लिनिया कॉलिफ्लोरा, कुल–मिर्टेसी). मूळचा आग्नेय ब्राझीलमधील सदाहरित, अतिशय संथ वाढणारा फळवृक्ष. जांभूळ व पेरू याच कुलातले. फुले व फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. फळ गोल, काळसर जांभळे, साधारण २ ते ४ सेंमी. व्यासाचे, साल जाड व तुरट, गर पांढरट व गोड.

नाव तुपी या ब्राझीलमधील आदिवासी भाषेतून आले, याबद्दल दुमत नाही, अर्थाबद्दल आहे. ‘जाबुटी’ म्हणजे कासव, म्हणून ‘कासवाची चरबी’ किंवा ‘कासवांची जागा’ असे अर्थ काहींनी लावले. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘कळीसारखी फळे’ असा असावा. खोडावर चिकटलेली फळे पाहता हे मत अधिक पटते. शास्त्रीय नावही स्थिर राहिलेले नाही. १९व्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ बर्ग यांनी ही जाती मायर्सियारिया प्रजातीत ठेवली. कौझेल यांनी १९५६ मध्ये ती प्लिनियात नेली. बागकामाच्या लेखनात जुने नाव अजून आढळते. शिवाय ‘कॉलिफ्लोरा’ म्हणून विकली जाणारी अनेक रोपे प्रत्यक्षात प्लि. जाबुटिकाबा (‘साबारा’) किंवा प्लि. पेरुवियाना असतात. लाल जाबुटिकाबा सामान्यतः संकर समजला जातो. रोप घेताना हा भेद महत्त्वाचा, कारण लाल प्रकार ३ ते ५ वर्षांत फळतो, तर साबाराच्या बियांच्या रोपाला बहुधा ८ ते १५ वर्षे लागतात.

बी वाळले की मरते. म्हणून गर धुऊन लगेच, सुमारे १ सेंमी. खोल पेरावे. बी बहुभ्रूणी असल्याने एकातून दोन-तीन रोपे निघू शकतात. कुंडी निदान ४० ते ५० लिटरची असावी. माती आम्लधर्मी (सामू म्हणजे पीएच ५.५ ते ६.५), सेंद्रिय व निचऱ्याची लागते. मुळे वरच्या थरात पसरतात. म्हणून आळ्यात ५ ते ८ सेंमी. आच्छादन घालून ते खोडापासून चार बोटे दूर ठेवावे. माती एकदा पूर्ण सुकली तरी पाने करपतात आणि फुले गळतात.

सर्वांत नेहमीची तक्रार केवड्याची, म्हणजे पाने पिवळी पडण्याची. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, अशी खूण दिसली की लोह कमी पडते आहे. (जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राचा विचार करावा.) बहुतेक वेळा लोह मातीत असते, पण चुनखडीमुळे अविद्राव्य होते, त्यामुळे नुसता हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून भागत नाही. वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाकून फेस आला तर चुना आहेच. खरा दोष पुष्कळदा पाण्यात असतो. जड पाण्यातील बायकार्बोनेट दर सिंचनाला सामू वर ढकलतात, म्हणून पावसाचे पाणी साठवून देणे उत्तम. चिलेटेड लोहाचा (सेंद्रिय रेणूने धरून विद्राव्य ठेवलेल्या लोहाचा) प्रकार पाहून घ्यावा: इडीटीए चिलेट सामू ६.५ च्या पुढे कमकुवत होते, इडीडीएचए मात्र चुनखडीच्या मातीतही टिकते. गंधकाने सामू उतरतो, पण ते काम जिवाणूंचे असल्याने काही महिने जातात. पानांची फक्त टोके तपकिरी होत असल्यास क्षार साठल्याची शक्यता असते. कुंडीतून भरपूर गोडे पाणी वाहू द्यावे व खत निम्मे करावे.

प्रौढ झाडाची साल पातळ पापुद्र्यांनी आपोआप सुटते. खोड ‘साफ’ करण्यासाठी ती ब्रशने घासू नये. कळ्या तिथूनच फुटतात. कोरड्या काळानंतर भरपूर पाणी मिळाले की बहर येतो.

फळ काळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. दाबल्यावर किंचित नरम लागेपर्यंत थांबावे. तोडल्यावर ते पिकत नाही, उलट तीन-चार दिवसांत आंबू लागते.

तांबेरा या बुरशीजन्य रोगात कोवळ्या पानांवर व फळांवर पिवळी भुकटी दिसते. पाने ओली राहू देऊ नयेत आणि आतल्या बारीक फांद्या विरळ कराव्यात.